घरातला धूर आणि सोडण्याचा निर्णय : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिगारेट किंवा बिडी सोडू पाहणाऱ्यांकडून आणि त्याहून अधिक त्यांच्या घरच्यांकडून जे प्रश्न पुनःपुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. आरंभीच एक फरक ध्यानात घ्यावा, कारण बहुतेक घरांतले भांडण तो न केल्यामुळे होते. घरात धूर होऊ न देणे हा घरच्यांचा हक्क आहे आणि तो आजपासून बजावता येतो. सोडणे हा मात्र ओढणाऱ्याचा निर्णय आहे. त्याला मदत करता येते, पण तो त्याच्या वतीने घेता येत नाही.

१. आमचे हे बाल्कनीत जाऊन ओढतात, घरात कधीच नाही. मग आम्हाला त्रास होण्याचे कारण काय?

बहुतेक सदनिकांमध्ये बाल्कनी दिवाणखान्याला किंवा झोपण्याच्या खोलीला लागूनच असते आणि सरकते दार उघडताच धूर वाऱ्यासोबत आत येतो. ओढणारा जो धूर छातीत घेऊन सोडतो, त्यापेक्षा दोन झुरक्यांच्या मधल्या वेळात जळत्या टोकातून निघणारा धूर अधिक घातक असतो, कारण तो कमी तापमानावर जळालेल्या तंबाखूचा असतो आणि कोणत्याही फिल्टरमधून गाळला जात नाही. तंबाखूच्या धुरात सात हजारांहून अधिक रसायने असून त्यांपैकी सुमारे ७० कर्करोगाला कारणीभूत ठरतात. स्वतः कधीही न ओढणाऱ्या माणसाला घरातल्या धुरामुळे हृदयविकाराचा धोका २५ ते ३० टक्क्यांनी आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका २० ते ३० टक्क्यांनी वाढतो.

हे प्रथम ठळकपणे दिसले ते जपानमध्ये. ताकेशी हिरायामा यांनी स्वतः न ओढणाऱ्या सुमारे ९१ हजार विवाहित स्त्रियांची १४ वर्षे नोंद ठेवली आणि १९८१ मध्ये दाखवून दिले की, नवरा जितका जास्त ओढणारा, तितके बायकोच्या फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण जास्त.

धूर विरल्यानंतरही त्याचा थर मागे उरतो. एका बाईंनी सांगितले होते की, दिवाळीच्या साफसफाईत पडदे भिजत घातले तेव्हा बादलीतले पाणी कोऱ्या चहासारखे झाले, आणि ते पडदे बाल्कनीच्या दाराचेच होते.

२. घरात सहा महिन्यांचे बाळ आहे. वेगळी काळजी घ्यावी का?

होय, आणि ती कडकपणे घ्यावी. बाळाचा श्वास मोठ्या माणसापेक्षा जलद चालतो, त्यामुळे त्याच हवेतला धूर त्याच्या शरीरात तुलनेने अधिक जातो. धुराच्या घरातल्या मुलांना न्यूमोनिया, दमा आणि कानाचा संसर्ग अधिक होतो, आणि तान्ह्या बाळाचा झोपेत अचानक मृत्यू होण्याचा धोकाही वाढतो. रांगणारे मूल फरशीवरचा आणि सोफ्यावरचा थर हातांवाटे तोंडात घेते. घर, जिना आणि गाडी या तिन्ही ठिकाणी ओढणे पूर्ण बंद असावे. गाडीची काच खाली केल्याने भागत नाही. बाहेर ओढून आल्यावर हात-तोंड धुऊन, शर्ट बदलूनच बाळाला घ्यावे. हा सोडण्याला पर्याय नाही, पण सोडेपर्यंत एवढे तरी झालेच पाहिजे.

३. दिवसाला दोनच होतात, त्याही ‘माइल्ड’. एवढ्याने काय होते?

हृदयाच्या बाबतीत बरेच होते. अनेक अभ्यासांचे एकत्र विश्लेषण २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात असे आढळले की, दिवसाला वीस ओढणाऱ्याच्या हृदयविकाराच्या वाढीव धोक्यापैकी जवळजवळ निम्मा धोका दिवसाला एकच ओढणाऱ्यालाही असतो. वीसवरून दोनवर आलो म्हणजे धोका दहावा हिस्सा झाला, हा हिशोब म्हणूनच चुकतो. ‘माइल्ड’ किंवा ‘लाइट’ म्हणून जी ओळखली जाते तिच्या फिल्टरला बारीक छिद्रे असतात. ती बोटांनी आणि ओठांनी झाकली जातात, आणि तलफ भागेना म्हणून झुरकाही खोल घेतला जातो.

४. वडील बिडीच ओढतात. बिडीत तंबाखू कमी आणि वर नुसते पान, मग ती बरी ना?

बिडीत तंबाखू खरोखरच कमी असतो, सिगारेटच्या साधारण चौथ्या हिश्श्याइतका. परंतु टेंभुर्णीचे पान स्वतःहून नीट जळत राहत नाही. ओढले नाही की बिडी विझते. त्यामुळे ओढणारा भराभर आणि खोल झुरके घेतो, आणि टार (धुरातला चिकट, काळपट अंश) व कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू सिगारेटइतकेच, किंबहुना अधिकच, छातीत जाते. भारतातल्या मृत्यूंचा एक देशव्यापी अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार बिडी ओढणाऱ्या पुरुषांचे आयुष्य सरासरी सहा वर्षांनी, बिडी ओढणाऱ्या स्त्रियांचे आठ वर्षांनी आणि सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचे दहा वर्षांनी कमी होते. क्षयरोगाचा धोकाही ओढणाऱ्याला दुपटीहून अधिक असतो, आणि घरातल्या एकाला क्षय झाला की एकाच खोलीत झोपणाऱ्या सगळ्यांची तपासणी करावी लागते.

५. वडील बासष्टचे आहेत. ‘आता या वयात सोडून काय मिळणार’ म्हणतात. त्यांना काय सांगावे?

त्यांना आकडे सांगावेत. ब्रिटनमधल्या सुमारे ३४ हजार पुरुष डॉक्टरांच्या ओढण्याच्या सवयींची नोंद १९५१ पासून पन्नास वर्षे ठेवली गेली. शेवटपर्यंत ओढणारे न ओढणाऱ्यांपेक्षा सरासरी दहा वर्षे आधी गेले. ज्यांनी तिशीत सोडली त्यांची जवळजवळ दहाही वर्षे वाचली, चाळिशीत सोडणाऱ्यांची नऊ, पन्नाशीत सोडणाऱ्यांची सहा आणि साठीत सोडणाऱ्यांची तीन. तीन वर्षे म्हणजे किती, हे नातवंडे असलेल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

शिवाय शेवटची वर्षे कशी जातात, हाही प्रश्न असतो. जिना चढताना दर पायरीवर थांबणे आणि घरी ऑक्सिजनचे यंत्र लावणे ज्या घराने पाहिले आहे, तेथे हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही.

६. सोडल्यावर घरात नेमके काय होईल आणि किती दिवस?

तंबाखूतले सवय लावणारे द्रव्य म्हणजे निकोटीन; ते शरीरातून लवकर उतरते, म्हणून पहिले तीन दिवस सर्वांत कठीण जातात. चिडचिड, झोप मोडणे, कामात लक्ष न लागणे, सारखे खावेसे वाटणे हे दोन ते चार आठवड्यांत ओसरते. एकेक तलफ मात्र थोडाच वेळ टिकते, बहुधा तीन ते पाच मिनिटे. तेवढा वेळ पाणी पिणे, खाली चक्कर मारून येणे किंवा फोनवर बोलणे यांत निघून जातो.

घरच्यांनी या पंधरवड्यातले बोलणे मनावर घेऊ नये. ‘यापेक्षा ओढत होतास तेच बरे’ हे वाक्य तर कुणीही, थट्टेतसुद्धा, उच्चारू नये. पुन्हा सुरू करणाऱ्यांच्या तोंडून ते फार वेळा ऐकले आहे. दुसऱ्या बाजूला शरीर लगेच कामाला लागते. वीस मिनिटांत नाडी उतरू लागते, एक-दोन दिवसांत रक्तातला कार्बन मोनॉक्साइड सामान्य होतो, वर्षभरात हृदयविकाराचा वाढीव धोका निम्म्यावर येतो आणि दहा वर्षांत फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोकाही साधारण निम्मा होतो.

७. सकाळी एक ओढल्याशिवाय पोट साफ होत नाही. सोडली तर काय करायचे?

हा प्रश्न लाजत विचारला जातो, पण सोडण्याच्या आड येणाऱ्या कारणांत तो वरच्या क्रमांकावर आहे. निकोटीन आतड्यांना चालना देते, त्यामुळे सोडल्यावर काही आठवडे बद्धकोष्ठ होऊ शकतो. उठल्यावर कोमट पाणी, सकाळचे चालणे, आहारात पालेभाज्या आणि गरज पडल्यास रात्री इसबगोल एवढ्यावर बहुतेकांचे काम भागते. आतडी आपली लय पुन्हा धरतात.

चहाचाही येथेच विचार करावा. धुरामुळे यकृत कॅफिनचा निचरा जलद करते. सोडल्यावर तो वेग मंदावतो आणि तेवढाच चहा-कॉफी पूर्वीपेक्षा जास्त चढते. धडधड आणि रात्रीची जाग ही तलफ समजली जाते, प्रत्यक्षात तो पाचवा कप असतो. पहिले काही आठवडे चहा निम्म्यावर आणावा. खोकला काही दिवस वाढला तर घाबरू नये, मात्र तीन आठवड्यांनंतरही राहिला किंवा थुंकीत रक्त दिसले तर तपासून घ्यावे. वजन पहिल्या वर्षात सरासरी चार-पाच किलो वाढते. ते सोडण्याच्या फायद्यापुढे किरकोळ आहे.

८. एकदम सोडावी की हळूहळू कमी करावी?

दिवस ठरवून एकदम सोडणे बहुतेकांना अधिक लागू पडते. इंग्लंडमध्ये सुमारे ७०० जणांवर झालेली एक चाचणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत चार आठवड्यांनंतर एकदम सोडणाऱ्यांपैकी ४९ टक्के, तर दोन आठवडे कमी करत सोडणाऱ्यांपैकी ३९ टक्के टिकून होते. हळूहळू कमी करण्यात उरलेल्या दोन-तीन सिगारेटी फार मौल्यवान होऊन बसतात आणि दिवसभर त्यांचीच वाट पाहिली जाते. तरीही ज्याला एकदम जमत नाही त्याने ‘मग नकोच’ असे म्हणू नये. शेवटची तारीख ठरवून कमी करत गेल्यानेही सोडता येते.

९. निकोटीनचे गम घेणे म्हणजे एक व्यसन सोडून दुसरे धरणे नव्हे काय?

नव्हे. कर्करोग आणि फुप्फुसाचे विकार धुरातल्या टारमुळे होतात. निकोटीन माणसाला धुराकडे परत परत ओढून आणते. गम किंवा पॅच (त्वचेवर चिकटवायची पट्टी) थोडे निकोटीन संथपणे देऊन तलफ बोथट करतात आणि दोन-तीन महिन्यांत कमी करून थांबवता येतात.

गम वाया जातो तो चुकीच्या चघळण्यामुळे. बाजारात तो नेहमीच्या च्युइंगगमसारखा मिळतो, आणि लोक तसाच सतत चघळतात. मग निकोटीन गिळले जाऊन उचकी आणि मळमळ होते, आणि ‘मला गम सोसत नाही’ असा निष्कर्ष निघतो. तो सावकाश चावावा, चव तिखट लागून जिभेला झिणझिण्या आल्या की गाल आणि हिरडी यांच्यामध्ये ठेवून द्यावा, झिणझिण्या थांबल्या की पुन्हा चावावा. असे साधारण अर्धा तास चालते. त्याआधी पंधरा मिनिटे आणि तो तोंडात असताना चहा, कॉफी किंवा लिंबूसरबत घेऊ नये. सकाळी उठल्यापासून अर्ध्या तासात पहिली सिगारेट लागत असेल, तर २ मिलिग्रॅमऐवजी ४ मिलिग्रॅमच्या गमविषयी डॉक्टरांना विचारावे. व्हॅरेनिक्लीन आणि ब्युप्रोपिऑन ही गोळ्यांच्या रूपातली औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यावीत. फिट येणाऱ्याला ब्युप्रोपिऑन चालत नाही.

केंद्र सरकारची तंबाखू सोडण्यासाठीची विनाशुल्क दूरध्वनी सेवा १८००-११-२३५६ या क्रमांकावर आहे. पाकिटावर छापलेला क्रमांक तो हाच.

१०. मुलीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घातली होती. आठ दिवसांनी खिशात काडेपेटी सापडली. आता विश्वास कसा ठेवू?

आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत हे पत्र सर्वांत जास्त वेळा आलेले आहे. कधी मुलीच्या जागी मुलगा असतो, कधी आई, कधी देवाचा फोटो.

शपथ घालणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण ती शरीराला लागत नाही. चौथ्या दिवशी तलफ आली की शपथ मोडते, आणि मोडल्यानंतर त्या माणसापुढे दोनच वाटा उरतात : मुलीच्या जिवावर बेतेल असे कबूल करणे, किंवा लपवणे. तो लपवतो. मग वेलची, बडीशेप, जिन्यात पाच मिनिटे थांबून वर येणे, शर्ट थेट धुण्याच्या टोपलीत टाकणे सुरू होते. घरच्यांना हे सगळे कळत असते आणि कळत नसल्याचे दाखवले जाते. पुढे मुलीला साधा ताप आला तरी ‘माझ्यामुळे’ हा विचार त्याला खातो, आणि ते मनातले ओझे घेऊन तो टपरीवरच जातो. एका गृहस्थांनी सांगितले होते की, शपथेनंतरची तीन वर्षे ते पूर्वीपेक्षा जास्त ओढत होते, कारण मिळेल तेव्हा दोन ओढून घ्यायची सवय लागली.

म्हणून आधी ती शपथ मोकळी करावी, मुलीसमोर नको, दोघांतच. ‘शपथ मी परत घेते, ओढलीस तर सांग, मी ओरडणार नाही, पण घरात मात्र ओढायची नाही’ एवढे बोलणे पुरते. त्यानंतर तारीख त्याने ठरवावी. घरच्यांनी त्याआधी ॲशट्रे, लायटर आणि कपाटातले राखीव पाकीट काढून टाकावे, आणि जेवणानंतरची वेळ कशी भरायची ते दोघांनी मिळून ठरवावे, कारण जेवणानंतरची सिगारेट सगळ्यांत चिवट असते. विश्वास ठेवायचा म्हणजे खिसे तपासायचे नाहीत. खिसे तपासणे सुरू राहिले तर लपवण्याची जागा तेवढी बदलते.

११. श्रावणात महिनाभर शिवत नाहीत. श्रावण संपला की पुन्हा सुरू. याला काही अर्थ आहे का?

फार मोठा अर्थ आहे, आणि तो बहुतेक घरांच्या नजरेतून निसटतो. प्रश्न ६ मध्ये सांगितल्याप्रमाणे शरीराची तलफ दोन ते चार आठवड्यांत ओसरते, म्हणजे श्रावण संपतो तेव्हा अवघड भाग मागे पडलेला असतो. त्यानंतर पहिली पेटते ती शरीर मागते म्हणून नव्हे. महिना संपल्याची ती पावती असते, बहुधा मित्रांच्या कोंडाळ्यात. अशा माणसाला ‘तुला जमत नाही’ म्हणणे वस्तुस्थितीला धरून नाही, कारण त्याला दरवर्षी जमते. त्याने श्रावण संपण्याच्या चार दिवस आधीच पुढचा मुक्काम ठरवावा, उदाहरणार्थ गणपती उठेपर्यंत, मग दसरा, मग दिवाळी. तुळशीची माळ घातलेल्या वारकऱ्यांना हे सोपे जाते याचे एक कारण असे की, माळेला शेवटची तारीख नसते.

१२. सासरे दिवाणखान्यात ओढतात. मी सून, त्यांना कसे सांगणार?

सुनेने एकटीने सांगू नये. सांगायचे ते मुलाने, म्हणजे तुमच्या यजमानांनी, सांगावे, आणि विषय बाळाचा किंवा डॉक्टरांच्या सल्ल्याचा काढावा. ‘बाबा, तुम्ही सोडा’ असे न म्हणता ‘बाबा, डॉक्टरांनी घरात धूर नको म्हटले आहे, खाली कट्ट्यावर बसत जा’ असे म्हटले तर त्यांचा मान राहतो. खाली त्यांच्यासाठी खुर्ची ठेवणारी घरेही आहेत. यजमान स्वतःच ओढत असतील तर मात्र हा निरोप त्यांच्या तोंडी शोभत नाही; तेव्हा नणंद, मोठे दीर किंवा घरच्या डॉक्टरांना मध्ये घ्यावे.

१३. मुलाला खाली टपरीवर सिगारेट आणायला पाठवले तर चालते का?

चालत नाही. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यानुसार अठरा वर्षांखालील मुलाला तंबाखूचा पदार्थ विकता येत नाही, मग तो वडिलांसाठी असला तरीही. महाराष्ट्रात सुट्या सिगारेटी आणि बिड्या विकण्यास सप्टेंबर २०२० मध्ये बंदी झाली. टपरीवर त्या आजही सुट्या मिळतात ही गोष्ट वेगळी. कायद्याच्या आधी घरातली बाब पाहावी : दुकानदार ओळखीचा झालेल्या मुलाला तिसऱ्या-चौथ्या वर्षी स्वतःसाठी मागायला संकोच वाटत नाही.

१४. सिगारेट सुटली, पण तंबाखू मळणे सुरू झाले. हे चालेल का?

घरच्यांचा धूर थांबला हा फायदा खरा, पण ओढणाऱ्याचा धोका फक्त छातीतून तोंडात आला. महाराष्ट्राला हे विशेष सांगावे लागते, कारण २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत येथे धूर ओढणारे प्रौढ सुमारे ४ टक्के, तर तंबाखू खाणारे किंवा मिश्री लावणारे सुमारे २४ टक्के आढळले. व्हेपविषयीही (ई-सिगारेटविषयीही) हेच विचारले जाते. त्याची विक्री भारतात २०१९ पासून कायद्याने बंद आहे. बदली पदार्थ हवाच असेल तर प्रश्न ९ पाहावा.

१५. मी स्वतः ओढते. घरी कुणाला माहीत नाही. मदत कुठे मागू?

प्रश्न ९ मधल्या क्रमांकावर घरी न कळवताही बोलता येते. दोन गोष्टी मात्र डॉक्टरांपासून लपवू नयेत. वय पस्तिशीच्या पुढे असून गर्भनिरोधक गोळ्या घेत असाल, तर ओढण्याबरोबर त्या धोक्याच्या ठरतात, कारण हृदयविकार आणि पक्षाघाताची शक्यता वाढते. आणि दिवस राहिले असतील तर त्याच दिवशी थांबावे. बाळाचे वजन कमी भरणे आणि अपुऱ्या दिवसांची प्रसूती यांचा धोका त्याने कमी होतो. गरोदरपणात गम किंवा पॅचही स्वतःच्या मनाने घेऊ नयेत.

१६. भावाला मानसिक आजाराची औषधे चालू आहेत. त्याने एकदम सोडली तर चालेल?

सोडावी, पण डॉक्टरांना आधी कळवून. धुरातली रसायने यकृताला काही औषधांचा निचरा जलद करायला लावतात. ओढणे थांबले की क्लोझापीन आणि ओलान्झापीन या मानसिक आजारावरच्या औषधांचे रक्तातले प्रमाण त्याच गोळीत वाढते आणि ग्लानी येऊ शकते. दम्यासाठी थिओफिलिन घेणाऱ्यांनाही हेच लागू आहे. गम घेतल्याने यात फरक पडत नाही, कारण हा परिणाम धुराचा आहे, निकोटीनचा नाही. इन्सुलिन घेणाऱ्यांनी पहिले काही आठवडे साखर जास्त वेळा तपासावी.

१७. टर्म विम्याच्या अर्जात ‘ओढत नाही’ असे लिहिले आहे. काही अडचण येईल का?

येऊ शकते, आणि ती नेमकी घरच्यांच्या वाट्याला येते. पॉलिसी सुरू झाल्यापासून तीन वर्षांच्या आत मृत्यू झाला आणि खोटी माहिती दिल्याचे उघड झाले, तर दावा नाकारला जाऊ शकतो. कंपनीला लेखी कळवून हप्ता वाढवून घेणे त्या मानाने स्वस्त पडते. सोडल्यानंतर किती काळाने न ओढणाऱ्यांचा दर लागू होईल, हेही त्याच पत्रात विचारून घ्यावे.

१८. चार महिने सोडली होती, मुलाच्या लग्नात एक ओढली. सगळे पाण्यात गेले का?

नाही. एक ओढणे आणि पुन्हा सुरू होणे यांच्या मध्ये एक-दोन दिवस असतात, आणि सांभाळायचे ते तेवढेच. उरलेले पाकीट त्याच रात्री फेकून द्यावे आणि घरी सांगून टाकावे. घरच्यांनी ते ऐकून घेतल्यावर ‘बरे, शेवटची ओढून किती वेळ झाला’ इतकेच विचारावे आणि जेवायला बसावे.